गोळी सोडायचा नवस

इंदूर, २० मार्च २००३

प्रिय शर्वरी,

दिवाळीत तू माझ्या झोपेच्या गोळीचा विषय काढलास आणि मी भरल्या ताटावरून उठलो. तुझा बाप गोळी खातो, दारू पीत नाही, असंही वर सुनावलं. पोरी, माझं चुकलं. तू पुण्यात फार्मसी शिकवतेस, आणि मी मिलच्या विणाई खात्यातला कारकून, तोही मिलला टाळं लागल्यापासून घरी बसलेला. पण तोरा मात्र मॅनेजरचा!

तू सांगितलेलं सगळं लक्षात आहे, बरं का. मेंदूत गाबा नावाचं द्रव्य ब्रेक लावतं. गोळी तो ब्रेक आणखी दाबते, म्हणून छातीतली धडधड थांबते, झोप लागते. पण डोपामिन या सुख देणाऱ्या द्रव्याला आवरणाऱ्या पेशीही त्यातच पेंगतात, डोपामिन मोकाट सुटतं आणि मेंदू म्हणतो, उद्या पुन्हा दे. आमच्या खात्यात कामगारांवर नजर ठेवणाऱ्या जॉबरला डुलकी लागली की सगळे चहाला पसार व्हायचे, तसंच हे. मला त्याच दिवशी पटलं होतं, फक्त कबूल करायचं जिवावर आलं.

मग मी स्वतःची अक्कल चालवली. लोक नवसाला गोड सोडतात, चहा सोडतात. मी तीळ चतुर्थीला खजरान्याच्या गणपतीला जाऊन गोळीच सोडली, मिल उघडेपर्यंत. वर्षभराची सवय, एका नारळात! तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले आणि अंगणात आकडी येऊन पडलो. आईने तुला फोनवर नुसती चक्कर सांगितली, ती माझ्याच सांगण्यावरून.

तुकोगंजचे डॉक्टर भडकले. "बाबूजी, ये एकदम से नहीं छोड़ते!" गोळीच्या भरवशावर मेंदूचा स्वतःचा ब्रेक ढिला पडलेला असतो म्हणे. आता गोळी पुन्हा सुरू आहे, दर पंधरा दिवसांनी थोडी कमी करायची. नवस मोडला, पण गणपती समजून घेईल.

खरी अडचण तुझ्या आईची आहे. गोळ्यांचं पाकीट तिच्याकडे दिलंय. पण मला घाम फुटला की तिचा जीव तुटतो आणि ती मुकाट्याने अख्खी गोळी काढून देते. मीही घेतो. दोनदा झालं असं. माझा माझ्यावर भरवसा नाही, आणि तिच्या मायेवर तर मुळीच नाही. या घरात मला नाही म्हणणारी तू एकटीच, आणि त्यासाठीच मी आयुष्यभर तुझ्यावर चिडत आलो. सुट्टी लागली की ये, राणी. पाकीट तुझ्या पर्समध्ये ठेव. मी मागेन, ओरडेन, रडेनही. तू देऊ नकोस.

तुझाच हट्टी,
नाना