दुपारी दोनचं पाणी

मंगळवार, १६ सप्टेंबर २००३

लॅबमधून चिरई तालाबाच्या पाण्याचा रिपोर्ट गेला. प्राणवायू – लिटरला अकरा मिलिग्रॅम! खाली माझी सही. बाबा कॉलनी समितीचे अध्यक्ष. त्यांनी वीस झेरॉक्स काढून घरोघर वाटल्या. आमच्या चेतनाचा रिपोर्ट म्हणून! रेल्वेतून रिटायर झाले तेव्हाही एवढे खूश नव्हते.

फॉस्फेटचं पान मात्र लॅबच्या सरांनी काढून ठेवलं. समितीने मागितलंच नव्हतं म्हणे. कॉलनीची नाली तळ्यात पडते तिथला आकडा भयंकर आहे. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून दीडशे घरं वाढली, सगळ्यांचं साबणाचं न् संडासाचं पाणी तिथेच जातं. शेवाळाला आयतं खत! म्हणून पाणी हिरवंगार. समितीला मात्र कारंजं हवंय.

शनिवार, २०

ढगच ढग. तीन दिवस ऊन नाही.

रविवार, २१

मासे मेले. काठाकाठाने पांढरी पोटं. वास घरापर्यंत येतोय. मासेमारीचा यंदाचा ठेकेदार डोकं धरून बसला होता. सगळे एकच म्हणतात – कुणीतरी विष टाकलं.

सोमवार, २२

पोलिसांनी बिसाहूला नेलं. मासेमारीचा ठेका वीस वर्षं त्याच्याकडे होता, यंदा दुसऱ्याला गेला. त्या रागाने त्यानेच विष टाकलं, असं तक्रारीत लिहिलंय. तक्रार बाबांची. सोबत जोडलाय माझा रिपोर्ट! पाण्यात प्राणवायू भरपूर, म्हणजे मासे गुदमरून मेले नाहीत, म्हणजे विषच.

माझ्या सहीने तो माणूस आत बसलाय. रात्री जेवले नाही.

मंगळवार, २३

आठवलं. मी नमुन्याचं पाणी भरत होते तेव्हा हाच बिसाहू काठावर जाळं सुकवत होता. म्हणाला, "बिहनिया आके देखव दीदी, मछरी मन ऊपर मुँह करके साँस लेथें." पहाटे येऊन पाहा, मासे वर तोंड काढून श्वास घेतात, म्हणत होता. मी हसले होते.

लॅबची गाडी अकराला निघते, तीन ठिकाणं करून तळ्यावर पोचायला दोन वाजतात. दुपारी दोन, कडक ऊन – तेव्हा शेवाळ प्राणवायू सोडतच असतं. अंधार पडला की तेच तो ओढून घेतं, तळाचा गाळही घेतो. ढगाळ दिवसांत तर भरपाईच होत नाही. पहाटे काय उरतं ते मी कधी पाहिलंच नाही. एम.एस्सी. झाले मी! एवढ्या कोमट पाण्यात एरवी सात-आठच मावतो, अकरा आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. बाबा खूश होते, मीही खूश झाले.

बुधवार, २४

साडेपाचला काठावर. बाटलीत पाणी भरलं, तपासणीची दोन्ही रसायनं टाकली. प्राणवायू असला की तपकिरी साका होतो. झाला नाही. पांढराच राहिला. दुसरी बाटली – पांढरी. तिसरी – पांढरी.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, मेलेले मासे सडले, त्यांनीच प्राणवायू संपवला, यातून काही सिद्ध होत नाही. खरं आहे, चूक काढता येत नाही. रिपोर्ट मागे घेऊ का विचारलं, तर ऐकवलं, "रिपोर्ट वापस, तो नौकरी भी वापस."

गुरुवार, २५

बिसाहूची बायको दुकलहिन आज फाटकाशी उभी होती. बाबांनी आतून दार लावून घेतलं.

मी तिला मागच्या गल्लीत गाठलं. विचारलं, तळ्यात जिवंत काही उरलंय का? ती म्हणाली, मांगूर आहेत की, गाळात. मला रस्त्यातच रडू आलं. मांगूर मासा वर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून गुदमरला नाही. पाण्यात विष असतं तर तोही वाचला नसता!

बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तू काहून मधात पडून राहिली? पोलिस पाहतीन ना." सही माझी आहे म्हटलं. ते उठून बाहेर गेले.

शुक्रवार, २६

दुकलहिनने पकडून दिलेले चार मांगूर बादलीत घेऊन ठाण्यात गेले. ठाणेदाराच्या टेबलाजवळ बादली, त्यात ते वळवळताहेत. आधी हसला, मग ऐकलं. जबाब लिहून दिला – नमुना दुपारी दोनचा होता, त्यावरून विषाचा निष्कर्ष काढता येत नाही, रिपोर्ट मी मागे घेते. खाली हेही लिहिलं की आधी नाली बंद करा, मग गाळ उपसा, तोवर कारंज्याने काही होणार नाही. हे आमच्या खात्याचं नाही म्हणाला. पण कागद घेतला.

संध्याकाळी बिसाहूला सोडलं. मग सरांचा फोन. उद्यापासून येऊ नकोस. ठीक आहे! आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

शनिवार, २७

बिसाहू भाजीबाजारात भेटला. हात जोडायला लागला, मी लाजेने मेले. मग सहज बोलून गेला, "बाबूजी ला तो मैं बताए रहेंव, दीदी. आठ दिन ले संग मा खड़े होके देखे हन." म्हणजे त्याने बाबांना सांगितलं होतं; मासे मरायच्या आधी आठ दिवस, रोज पहाटे, बाबा त्याच्याजवळ उभे राहून ते तडफडताना पाहत होते.

घरी येऊन विचारलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "नाली बंद करा लागली असती," म्हणाले. एवढंच. माझ्या सहीआड लपले.

सोमवारी परत ठाण्यात जायचंय. यावेळी जबाबात बाबांचं नाव लिहायचंय.