शेवटच्या पेटीतला दगड

ता. ४ फेब्रुवारी

चि. खारूस, अ. उ. आ.

हे परवा पुन्हा कॅम्पवर गेले. जमिनीत वीज सोडून खाली काय दडलंय ते सांगणारं यंत्र आहे ना, त्याने एका जागी खूण दाखवली म्हणे. झालं! तेव्हापासून घरात तांबं, तांबं आणि तांबं. आता तिथे ड्रिल लावलंय. तांबं लागलं तर बढती आणि कायमची इथल्या ऑफिसात बदली. लग्न झाल्यापासून मी याच दिवसाची वाट बघतेय. मेलं ते तांबं लागू दे एकदाचं!

तुझ्या भावाची दगड चाटायची सवय काही जात नाही. ओला केला की कण नीट दिसतात म्हणे. घरात नळ आहे, हे ह्यांना कोणी सांगावं? आईही हसतात.

ह्यांचे तुला आशीर्वाद आहेतच. पत्र टाकत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

ता. १ मार्च

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

दादाच्या पेट्या आमच्या प्रयोगशाळेत यायला लागल्या. ड्रिलमधून मनगटाएवढे जाड दगडी दांडके निघतात, ते आम्ही उभे चिरतो. अर्ध्याची पूड करून तपासतो, अर्धा पेटीत राहतो. प्रत्येक झाकणावर दादा पेन्सिलीने माझ्यासाठी काहीतरी खरडतो. या वेळी लिहिलंय की नीट चिर आणि बोटं जप. इथे सगळे मला त्यावरून चिडवतात.

तांब्याचा अजून पत्ता नाही, पण खोलवरचे दगड यायचेत. ट्रक रमतगमत येतो. धीर धर गं.

लोभ आहे, त्यात तोळाभरही घट नको.

तुझी,
खारू

ता. २० एप्रिल

चि. खारूस, अ. उ. आ.

ह्यांचं तेरावं करून तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. सगळे म्हणतात, उतारावर ह्यांची जीप उलटली, त्याला कोण काय करणार. मी कोणाला दोष देत नाही. पण एक किडा डोकं पोखरतोय. आदल्या संध्याकाळी फोनवर हे नुसतं हं, हं करत होते. एरवी फोन ठेवा म्हणून मला ओरडावं लागायचं. काय झालं विचारलं, तर काही नाही म्हणाले.

माझ्यावर रागावले होते का गं? मी काय बोलले ते आठवून आठवून थकले. आईंना विचारवत नाही. तुला काही म्हणाले होते का? असेल ते खरं कळव, माझी भीड धरू नकोस.

आता तूच जीव लावणारी उरलीस.

तुझी,
वहिनी

ता. २ जून

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

मला दादा काही बोलला नव्हता. पण त्याची शेवटची पेटी आता आली. झाकणावर तारीख त्या फोनच्याच दिवसाची. माझ्यासाठी एक अक्षर नाही. आत काळा, बोटांना काळं लावणारा दगड.

वहिनी, ते तांबं नाही. ग्राफाइट आहे, पेन्सिलीत असतं तेच. त्यातूनही वीज वाहते, म्हणून यंत्र फसतं. तरी मी पूड करून तपासली. तांबं नावालाही नाही. दादाला तपासायची गरजच नव्हती, हातात घेताक्षणी त्याने ओळखलं असणार. तांबं नाही म्हणजे बदली नाही. ते तुला कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून तो हं, हं करत होता. तुझ्यावर कसला रागावतोय तो!

कंपनीने तिथलं काम गुंडाळलं, पेट्या फेकायला काढल्यात. साहेबांना विचारून एक तुकडा पाठवतेय. नीट चिरता आला नाही, कड वाकडी आलीय. बोटं मात्र जपली.

आईंना नमस्कार सांग, आणि माझ्यासाठी तरी जेवत जा.

तुझी,
खारू

ता. १५ जून

चि. खारूस, अ. उ. आ.

दगड मिळाला. म्हणजे रागावले नव्हते. पत्र वाचून आधी हलकं वाटलं, मग जे रडू फुटलं ते आईंनाही आवरेना. वेडा माणूस! एवढंच होतं तर सांगायचं ना. मी म्हटलं असतं, तांबं गेलं खड्ड्यात, तुम्ही या. दुसरं काय म्हणणार होते मी?

आईंनी दगड हातात घेतला, तर बोटं काळी झाली. म्हणाल्या, लहानपणी त्याच्या खिशातले दगड मीच काढून फेकायचे. हात धुवायला काही उठल्या नाहीत.

सुट्टी मिळाली की ये. या घरावरचा तुझा जीव असाच राहू दे.

तुझी,
वहिनी

ता. क. खाली काळी रेघ दिसतेय ना, ती त्या दगडाने ओढलीय. ह्यांचे आशीर्वाद समज.