काका बाजूला बसत नाहीत, अण्णा

अण्णा,

शिवाजी पार्कच्या सभेहून आलात की आधी जेवून घ्या. पिठलं मीच केलंय, कारण आई कालपासून बाजूला बसलीय. तरीही तिला घेऊन इस्पितळात जातेय.

तिच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून रक्त पातळ करायची गोळी आहे. शेजारच्या रघुवीरकाकांनाही तीच. त्यांची रक्ताची तपासणी नीट येते, आईची कधीच नाही. डॉक्टर तिला रागावतात आणि तुम्ही म्हणता, “काकांना लागू पडते, हिलाच कशी नाही?” काकांना दर महिन्याला बाजूला बसावं लागत नाही, अण्णा. या गोळीने तिचं तेव्हा इतकं रक्त जातं की उठवत नाही. मग ती गुपचूप गोळी सोडते, आणि सोडली तर गुठळी मेंदूत जाईल असं डॉक्टरच म्हणालेत. त्यांनी हे कधी विचारलं नाही, आणि तुमच्यासमोर तिला सांगवत नाही.

आज मी सांगणार आहे. शाळेत सगळ्यांपुढे भाषण केलंय, हेही जमेल. दमलेय मात्र खूप.

आल्यावर तिला काही विचारू नका. डॉक्टर देतील ती गोळी तुम्हीच तिच्या हातावर ठेवा. लांबून सरकवू नका.

दुर्गा