शहागडच्या पुलावर सोनूबाई

३ फेब्रुवारी, सोमवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी साडेदहाला रामराव जमादारांचा फोन. "मॅडम, शहागडच्या पुलावर एक बाई गाड्यांपुढं उभी राहून राह्यली. जल्दी निघा." डोकं बिघडलेल्या माणसाचा कॉल आला की पोलिसांसोबत दवाखान्याची एक समाजसेविका जाणार, असं ठरून सहा महिने झाले. माझे तेरा कॉल झाले. सगळे घरातले. हायवेवरचा हा पहिला.

जालन्याहून पोचेपर्यंत दीड तास गेला. तोवर तिला दोनदा बाजूला केलं होतं, दोनदा ती परत आली होती.

नाव सोनूबाई. पन्नाशीची असेल. पुलाच्या तोंडाशी पेरू विकते. पांढरी पिकअप दिसली की टोपली सोडून सरळ रस्त्यात. माझ्या डोळ्यांदेखत एक गाडी तिच्यापासून हातभरावर थांबली. टायरचा जळका वास. ती हलली नाही. बॉनेटवर दोन्ही हात टेकून आत बघत होती फक्त. मी ओरडले की नाही, आठवत नाही.

दोन शिपाई दोरी घेऊन तयार. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. रामराव म्हणाले, "पाच देतो." मी तिच्याशेजारी डांबरावर बसले.

"कोणाला शोधता, मावशी?"

"दीपाला. माझी पोरगी. पांढऱ्या गाडीत नेली."

तिचा दीर शिवाजी तिथंच उभा होता. ठाण्यात फोन त्यानंच केलेला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं नीट. "ताई, पुतणीचं लग्न मीच लावलं मे महिन्यात. सुखात हाय पोरगी. भाऊ वारला, पोरगी सासरी गेली, वहिनी एकटी पडली. डोक्यावर परिणाम झाला." मोबाइलवर फोटो दाखवला. हिरवी साडी, गळ्यात हार. नाव दीपमाला.

मी सोनूबाईचा हात धरला. "आपण दीपाला शोधू. चला, गाडीत बसा." ती लगेच उठली. लेकरासारखी जीपमध्ये येऊन बसली. दोरी लागली नाही.

शोधू म्हणाले. मनात तसं काहीही नव्हतं.

४ फेब्रुवारी

दोरी न लावता बाई आणली म्हणून दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. दुपारी घरी येऊन जरा पडले, तर कानात ब्रेकचाच आवाज.

८ फेब्रुवारी, शनिवार

वॉर्डात गेले होते. सोनूबाईला गोळ्या सुरू आहेत. झोप लागते, जेवते. केस विंचरलेले. मला पाहून ओळखीचं हसली. वाटलं, चला, जमलं.

जवळ बसले तर हळूच म्हणाली, "शोधली का, बाई?"

मला वाटलं होतं, ती विसरली असेल. अशा अवस्थेतली माणसं विसरतात, असंच मी धरून चालते. म्हटलं, चालू आहे. दुसरं खोटं.

बाहेर वॉर्डाच्या डॉक्टर, डॉ. सुमेधांना सांगितलं, मावशींचा भ्रम अजून गेलेला नाही. त्या केसपेपर लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भ्रम आहे हे कुणी तपासलं?"

"दिरानं सांगितलं. फोटो आहे."

"आजार आहे तिला. नक्की आहे. पण आजारी माणूस सांगतो ते खोटंच, असं कुठं लिहिलंय, ज्योत्स्ना?"

नऊ वर्षं हेच काम करतेय मी. मी त्या मुलीचा फोन नंबरसुद्धा मागितला नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार

रामरावांना गाठलं. आधी वैतागले. "मॅडम, दाखल झाली न बाई? मंग संपलं की आपलं काम." मी हटले नाही. शेवटी त्यांनी शिवाजीला फोन लावला, स्पीकरवर.

"पोरीच्या सासरचं गाव कोणतं?"

"तिकडं मध्य प्रदेशात, साहेब. रतलामच्या पुढं."

"गावाचं नाव सांग."

मग म्हणाला, बघून सांगतो. ज्यानं लग्न लावलं त्याला गाव माहीत नाही!

जावयाचा नंबर दिला त्यानं. रामराव हिंदीत बोलले, बायकोला फोन द्या. समोरचा म्हणाला, शेतात गेली. तासाभरानं लावला तर म्हणाला, झोपली. तिसऱ्यांदा लावला तर फोन बंद.

रामरावांनी चहा तसाच ठेवला. मग म्हणाले,

"मॅडम, ही बाई जूनमध्ये ठाण्यात आल्ती. तीनदा. पोरगी नेली म्हणत होती. कोण नेली, कशी नेली, काही बराबर सांगेना. नुसती रडायची. मीच चहा पाजून घरी पाठवलं तिला. तिसऱ्या बारीला तर चहा पण न्हाई."

११ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. टाळ्या आठवतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिवाजीनं कबूल केलं. पोरगी दलालामार्फत पैसे घेऊन दिली. लग्न म्हणजे एका लॉजच्या खोलीत हार घातले, फोटो काढला, संपलं. आधी आणखी दोन मुली अशाच गेल्यात, शेजारच्या गावांतल्या. त्यांच्या आया कुठं उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून कुणाला कळलं नाही.

मी त्या माणसाला "दादा" म्हणत होते. त्याचंच ऐकून केसपेपरवर माहिती लिहिली: "मुलगी विवाहित, सासरी सुखी." माझं अक्षर, माझी सही.

रामराव त्याला कोठडीत घालून आले. म्हणाले, "चौतीस वर्षं नोकरी झाली माझी. माणूस ओळखता येतो म्हणून मिरवत होतो."

१९ फेब्रुवारी

पथक काल मध्य प्रदेशाकडं निघालं. रामराव स्वतः ड्यूटी मागून घेऊन गेलेत, सोबत एक महिला शिपाई. फोन लागत नाही.

वॉर्डात जायचं धाडस होत नाही. तरी गेले. आज सोनूबाईनं विचारलंच नाही. ते जास्त लागलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सापडली! दुपारी दोनला रामरावांचा फोन. आवाज ओळखू येईना. "जिवंत हाय, मॅडम. खोलीला बाहेरून कडी होती. आम्ही उघडली तर भिंतीला चिकटून बसली. पोलिस म्हटल्यावर आणखीच भ्याली. मराठीत बोललो तवा कुठं रडली."

तशीच दवाखान्यात धावले. सोनूबाई कॉटवर बसून चादरीची घडी घालत होती. मी पाय धरले तिचे. खरंच धरले. म्हटलं, मावशी, दीपा सापडली. तुमचं खरं होतं. सगळं खरं होतं.

मला वाटलं, ती मोठ्यानं रडेल, लगेच चला म्हणेल. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मग पदराआडूनच विचारलं, "काही बोलली का ती?"

"अजून भेटले नाही मी. सोमवारी आणतायत."

"बरं," म्हणाली. अर्धी राहिलेली घडी पुन्हा मोडून घालायला लागली.

एवढ्या महिन्यांचा ताण. डॉ. सुमेधा म्हणाल्या, आनंदसुद्धा एकदम झेपत नाही माणसाला. तसंच असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दीपा आली. महिला वसतिगृहात ठेवलंय, नवीन जालन्यात. एकोणीस वर्षांची आहे, चेहरा तिशीचा. मनगटं बघवत नाहीत.

मी तिला सगळं सांगितलं. तुझी आई पांढरी पिकअप दिसली की आडवी जायची, लोक वेडी म्हणायचे, मीही म्हटलं. काका कोठडीत आहे, हेही सांगितलं. ती खाली बघून ऐकत होती.

मग म्हणाली, "काकानं गाडी आणल्ती फक्त. मला हाताला धरून आत बसवलं ते आईनं. मी उतरायला बघून राह्यले होते. तिनं बाहेरून दार लावलं."

मग तिनं विचारलं, "किती दिवस उभी राह्यली ती पुलावर?"

"आठ महिने, म्हणतात लोक."

"मला न्या तिच्याकडं," ती म्हणाली. "उद्या न्या. आज न्हाई."