आमच्या घरात तसलं काही नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण धाकटा भाऊ शंका काढल्याशिवाय राहणार नाही.

१. राहतं घर, बांधणीच्या खोलीसह, धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावं. भावाला का नाही, तेही लिहिते. आमच्या दादाला आवाज ऐकू यायचे. शेजारी विष घालतात म्हणायचा. त्याला सगळ्यांनी वेडा ठरवलं. आई मात्र वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली, बोलताना तिचं वाक्य मध्येच भलतीकडे जायचं. तिला आम्ही आळशी म्हटलं. भाची एकोणिसाव्या वर्षी तशीच मिटत गेली. "आवाज येत नाहीत ना? मग ठीक आहे," असं म्हणणाऱ्यांत मीही होते. तीन वर्षं फुकट गेली.

पुढे भाचीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

भाऊ ताडकन म्हणाला, "आमच्या घरात तसलं काही नाही."

मी म्हटलं, "आई होती."

डॉक्टरांनी समजावलं, की भास आणि संशयापेक्षा असं मिटणं, बोलणं विस्कटणं ज्यांच्यात जास्त, त्यांच्या नात्यात हा स्किझोफ्रेनियाचा आजार थोडा अधिक सापडतो. पण हा कल आहे, निकाल नव्हे. भावाने त्यातलं "नात्यात" एवढंच ऐकलं आणि भावजयीच्या माहेराकडे बोट दाखवलं. कपाळ माझं! माझ्याशी तर तो दीड वर्ष बोलला नाही.

२. दाबयंत्र, कात्र्या, सुया भाचीलाच. औषधं लागू पडल्यापासून ती इथे वह्या शिवते. हळू शिवते. घाई करणाऱ्याला खोलीबाहेर काढावं.

३. भावाला आईच्या आजाराची मी लिहून बांधलेली वही द्यावी. पुढे कुठल्याही डॉक्टरांनी विचारलं तर ती दाखवावी. तोंडाने काही सांगू नये.

४. बँकेतली शिल्लक भाचीच्या उपचारांसाठी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावजयीने करावी. आमचं कधी पटलं नाही; पण मुलीला डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेलं ते तिनेच, नवऱ्याला न सांगता.

गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, "आत्या, मी आजीसारखीच होणार का?"

"माहीत नाही गं. पण आजीला काय होतंय, हे कुणी विचारलंच नाही."

"मला विचारशील?"

"रोज."

माझ्यामागे हे रोजचं विचारणं मी भावजयीच्या हवाली करते. बाकी कशात कमीजास्त झालं तर चालेल, यात नाही.

ठिकाण : बांधणीची खोली
दिनांक : चौदा नोव्हेंबर, गुरुवार
सही : (पुस्तकबांधणीवाली)

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. समोरचे छापखानेवाले (सही)