बकुळाची बोटे

१७ फेब्रुवारी १९५७, रविवार

पुन्हा तेच! 'मदर वेंट टू मिल.' मी विचारले, "कोणती मिल, बकुळा?" ती म्हणाली, "आमच्या आईची मिल, बाई. दुसरी कोणती असणार?"

तिचे बरोबरच आहे. मराठीत पाहुणा आणि घरचा एकाच दाराने आत येतात. 'आई गिरणीत गेली' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याने काय ते ओळखावे. इंग्रजी मात्र उंबरठ्यावर अडवते — हे गृहस्थ ओळखीचे की अनोळखी? प्रत्येक नामाला हा प्रश्न! आपल्या मुली इथेच अडखळतात, आणि पाठांतराने हे सुटत नाही. पुस्तकातले नियम बकुळा आणि राजलक्ष्मी, दोघींनाही पाठ आहेत. लिहिताना एकही आठवत नाही.

म्हणून आज नवीन रीत काढली. नियम डोक्यात राहत नसेल तर हातात ठेवायचा! वस्तू अनोळखी, कोणतीही एक — एक बोट वर: 'अ'. तीच स्वराच्या उच्चाराने सुरू होत असेल तर दोन बोटे: 'अ‍ॅन'. ओळखीची, ठरलेली — बोट समोर रोखायचे: 'द'. आणि जिथे काहीच लागत नाही तिथे मूठ. नाम आले की आधी हात, मग टाक.

बकुळा पाच मिनिटांत तयार. "बाई, 'अवर'ला? एच लिहितात पण बोलत नाहीत — मग दोन बोटं!" मी टाळी वाजवली. राजलक्ष्मीने जांभई दिली. "आत्या, कानाला बरं वाटेल ते लिहायचं. एवढं काय?" माझ्या भावाची मुलगी आहे, पण शिकवावे कसे ते कळत नाही. तिला सगळे आयते येते असे तिला वाटते.

मग वहिनीने चहा आणला. दोन कप आणि एक पितळी पेला. पेला कोणासाठी हे तिने सांगितले नाही, सांगावे लागलेही नाही. मी पेला उचलून तोंडाला लावला. चटका बसला! तरी घोट घेतला.

"वन्सं, तो तुमचा नव्हता."

"आता आहे."

बकुळा कपाकडे बघत राहिली. मग प्यायली.

२० फेब्रुवारी

शिक्षकांच्या खोलीत रमाकांत मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सुमतीबाई, तुमच्या त्या 'द'ला संयुक्त महाराष्ट्रात नोकरी मिळायची नाही हो!" हशा.

मी शांतपणे म्हटले, "मास्तर, मराठी राज्य मला तुमच्याइतकेच हवे आहे. पण दिल्लीला आपल्याविरुद्ध जे लिहून जाते ते कोणत्या भाषेत जाते? त्याला उत्तर देताना आपली मुलगी पहिल्याच वाक्यात अडखळावी असे वाटते का तुम्हाला?" मास्तरांनी पानाचा डबा उघडला.

मी दोन्ही करीन. मिरवणुकीत चालेन आणि 'द'ही शिकवीन. कोणाला काय म्हणायचे ते म्हणू दे!

३ मार्च, रविवार

मनमोहन जेवताना म्हणाला, "ती वरळीची मुलगी दर रविवारी घरी कशाला? शाळेत शिकव की." मी म्हटले, शाळेच्या वर्गात साठ मुली आहेत, इथे दोन. तो म्हणाला, "प्रश्न आकड्याचा नाही." प्रश्न कसला आहे ते मात्र माझ्या वकील भावाला सांगता येईना.

तिचे वडील कोंडीराम कासारे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर आहेत, आई सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात. घर बी.डी.डी. चाळीत. बकुळाला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचे आहे. त्यासाठी मॅट्रिक हवी, आणि मॅट्रिकला इंग्रजी. नापास झाली तर आईशेजारी वाइंडिंगला. मधली वाट नाही. मनमोहनला हे सांगितले. तो ताक प्यायला.

८ मार्च

लालबागला समितीची मिरवणूक. मी शाळेतून परतताना फूटपाथवर उभी राहिले. रस्ताभर हजारो मुठी वर! मनात आले — अख्खे लालबाग म्हणते आहे, 'इथे काही लागत नाही!' एकटीच हसले. शेजारच्या बाईने जरा लांब सरकून घेतले.

२१ मार्च

परीक्षेच्या आसनक्रमांकांची यादी लागली. नंबर आडनावाप्रमाणे — बकुळा कासारे पुढे, राजलक्ष्मी कोठारे लगेच मागे. दोघी माझ्याच! एकमेकींचा धीर राहील.

२५ मार्च, सोमवार

इंग्रजीचा पेपर. आर्टिकल्सचा उतारा होता आणि सोपा होता! समुद्रकिनाऱ्यावरची गोष्ट, गाळलेल्या जागा. राजलक्ष्मी म्हणाली, "बरा गेला," आणि डोके दुखते म्हणून पडून राहिली. जेवलीही नाही. बकुळा येणार होती. आली नाही.

२६ मार्च

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितले. काल पर्यवेक्षकांनी बकुळाचा पेपर अर्ध्यातच काढून घेतला. आरोप — 'हाताने खुणा करून मागील उमेदवारास उत्तरे सांगत होती.'

मी खुर्चीवर बसूनच राहिले. तिच्या बोटांवर ती खूण कोणी चढवली? मी! 'नाम आले की आधी हात' — हे कोणाचे वाक्य? माझे! ती मुलगी फक्त सांगितलेले करत होती.

बाई म्हणाल्या, "वाद नको. तिने चूक कबूल करून माफी लिहून द्यावी. ऑक्टोबरला बसता येईल. नाही दिली तर दोन वर्षे बंदी. नर्सिंगचे वय निघून जाईल."

"तिने कॉपी केलेली नाही."

"सुमतीबाई, मी तुमच्या भल्याचे सांगते आहे."

माझ्या भल्याचे! त्याचा इथे संबंध काय?

२८ मार्च

राजलक्ष्मीला विचारले, तू मागेच होतीस, काय झाले? म्हणाली, "मी माझं लिहीत होते, आत्या. मला काही ठाऊक नाही." पुढे विचारू लागले तर रडू लागली. मैत्रिणीवर असा प्रसंग — मुलीचे मन हळवे. उगाच छेडले.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तरी मी म्हणत होते." काय म्हणत होती, तेवढे विचारले. तिने पातेले आपटले.

१४ एप्रिल, रविवार

वरळीला गेले. चाळीच्या चौकात जयंतीची तयारी होती — निळ्या पताका, मंडप, पोरांची धावपळ. पण गेल्या डिसेंबरचा घाव ताजा आहे. बायका फुले वाहताना रडत होत्या.

कोंडीरामांनी मला खोलीत एकुलत्या खुर्चीवर बसवले. स्वतः दाराशी उभे. "बाई, तुमचे उपकार हायेत. पण पोरगीला माफी लिवू द्या. मान खाली घातली तर आक्टोबरला तरी बसंल. आमचं कोण ऐकनार?"

मी बोलणार तेवढ्यात बकुळाच म्हणाली, "दादा, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात, ते मान खाली घालायला का?"

कोंडीराम भिंतीकडे बघत म्हणाले, "लई बोलाय लागली ही, बाई."

"आणि माफी मागायची तर कशाची मागू? बोटं हलवल्याची का चोरल्याची?" ती माझ्याकडे वळली. "बोटं हलवल्याची मागते हवी तर. चोरल्याची नाही."

मी तिला स्पष्ट सांगितले — माफी नाही दिलीस तर चौकशी होईल, आणि तिथे हरलो तर दोन वर्षे जातील. वाइंडिंगला जावे लागेल. मी शिक्षिका आहे, माझा पगार चालूच राहील. धोका सगळा तुझा. ती म्हणाली, "ठाऊक आहे. पण तुम्ही येणार ना?"

येणार! हा प्रश्न झाला?

बकुळाच्या आईने चहा दिला. तिघींना सारखेच कप.

१८ एप्रिल

मुख्याध्यापिकाबाईंनी पुन्हा बोलावले. मी चौकशीला गेले तर शाळा माझ्या पाठीशी नसेल. मी म्हटले, ठीक. रमाकांत मास्तरांनी व्हरांड्यात गाठले. वाटले, पुन्हा थट्टा. तर हळूच म्हणाले, "बाई, चौकशीवाल्यांना बसवून शिकवा. तुम्ही शिकवायला लागलात की समोरच्याला उठता येत नाही. अनुभव आहे."

२५ एप्रिल, गुरुवार

परीक्षा मंडळाच्या कचेरीत चौकशी झाली. सगळे क्रमाने लिहिते.

टेबलामागे तीन सदस्य, समोर बकुळा आणि मी. पर्यवेक्षकांनी जबानी दिली. मुलीची बोटे सतत वर-खाली होत होती, कधी एक, कधी दोन, कधी मूठ. अध्यक्ष म्हणाले, "ही सांकेतिक भाषा नव्हे तर काय?"

"सांकेतिक भाषाच आहे," मी म्हटले, "आणि ती मी शिकवली. परवानगी असेल तर आपल्यालाही शिकवते."

"बाई, हा तमाशा—"

"फार वेळ लागणार नाही."

शिकवले! टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यापासून सुरुवात केली. हा पेला आपल्याला दिसतो आहे, ठरलेला आहे — बोट रोखा. बाहेर कुठेतरी पेला असेल, कोणताही — बोट वर. आणि नुसते पाणी, कुठले ते न ठरवता, सर्वसाधारण — मूठ. अध्यक्षांचे हात टेबलाखालीच राहिले. पण डाव्या बाजूचे वयस्कर सदस्य 'अम्ब्रेला' म्हणताच आपणहून दोन बोटे वर करून बसले आणि स्वतःच हसले! मग मी बकुळाला उतारा तोंडी घातला. तिने प्रत्येक जागा हाताने भरली आणि तोंडाने कारण सांगितले. एक चुकली. लगेच म्हणाली, "चुकले. समुद्र एकच — बोट रोखायला हवं."

मग मी विचारले — पर्यवेक्षक म्हणतात हिने उत्तरे दिली. दिली तर कोणाला? खुणा करणारी दिसली, खुणा घेणारी दिसलीच नाही? मागच्या मुलीचा पेपर का काढला नाही? तिला एक प्रश्न तरी विचारला का? की कासारे दिसली की देणारी चोर, आणि मागे चांगल्या घरची मुलगी असली की घेणारी कोणीच नाही? देणे असेल तर घेणे असलेच पाहिजे. घेणारी नसेल तर हा गुन्हाच नाही!

पर्यवेक्षक खाली बघत होते. मला, खरे सांगायचे तर, आनंद झाला होता. इतके नीट मी वर्गातही कधी मांडले नसेल.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मुद्दा ग्राह्य आहे. मागील उमेदवाराने समक्ष येऊन सांगावे की तिला खुणा मिळाल्या नाहीत. तसे झाले तर हिला पेपर पुन्हा देता येईल. उद्या अकरा वाजता."

मी जवळजवळ ओरडलेच, "ती माझी भाची आहे! उद्या घेऊन येते."

बाहेर आल्यावर बकुळाने विचारले, "राजी येईल ना, बाई?" मी म्हटले, का नाही येणार? एक वाक्य तर बोलायचे आहे.

घरी सांगितले. मनमोहन म्हणाला, "मुलीला कचेरीत उभी करायची? आपल्या घरातली? मुळीच नाही." मी म्हटले, खरे बोलायला कसली लाज? राजलक्ष्मी आत निघून गेली.

२६ एप्रिल, सकाळ

राजलक्ष्मी न्हाऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आत्या, बकुळाने मला काही दाखवलं नाही. तिला ठाऊकही नाही. मी तिचा हात बघून लिहिलं — सगळा उतारा."

वहिनीने दारात पदर तोंडाला लावला. मनमोहन उठून मधे उभा राहिला. "कोणीही कुठे जाणार नाही. सुमती, तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे ही."

मी राजलक्ष्मीकडे पाहिले. तिने चपला आधीच घातल्या होत्या.