दंतम्मा हा शब्द माझा नव्हता

मी, अवसराल नीलाद्री पंतुलु, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीचा शाळामास्तर व नाटककार, राहणार किल्ल्यामागची आळी, विजयनगरम, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर कोणीही विचारत नसताना लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे गावातले पंडित तीस वर्षे म्हणत आले, पण तसा दाखला कोणी आणलेला नाही. पोटातली गाठ मात्र डॉक्टरांनी दाबून पाहिली आहे आणि पुढची संक्रांत मी पाहीन असे ते म्हणत नाहीत. उजवा हात निकामी असल्यामुळे मी सांगतो आणि कर्रा पापय्या लिहितात. माझी वाक्ये त्यांनी सुधारायची नाहीत.

पहिले, माझी पुस्तके. दोन कपाटे आहेत, त्यातले एक वाळवीने निम्मे वाचून संपवले आहे. उरलेली पंडित कोल्लूरी शिवावधानी यांना द्यावीत. हे ऐकून ते दचकतील. रंगभूमीवर ग्रंथांतलीच भाषा हवी असे ते म्हणत, आणि आई ज्या भाषेत रागावते त्याच भाषेत मुलगी रडणार असे मी म्हणे. यावरून मी त्यांना वर्तमानपत्रांत इतके सोलले की त्यांच्या शिष्यांनी एकदा माझ्या घराची कौले फोडली. एका शब्दाबाबत मात्र ते बरोबर होते. कारण चुकीचे होते, पण बरोबर होते. कोणता शब्द, ते पुढे येते.

दुसरे, नाटकाचे कपडे, केसांचे टोप व पायपेटी. हे सर्व अप्पलस्वामी याला आजच हातोहात देऊन टाकले आहे, येथे फक्त नोंद. बावीस वर्षे माझ्या सगळ्या नायिका त्यानेच केल्या. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, तो माझ्यामुळे. त्याने कधी बोलून दाखवले नाही, म्हणून मला जास्त लागते.

तिसरे, राहते घर, परसातली विहीर व नारळाची तीन झाडे. ही माझी थोरली बहीण अच्चायम्मा हिला. पण हे कलम पक्के होण्याआधी पुढचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा. तो ऐकूनही तिला घर हवे असेल तर तिचे.

तीन मुले गेल्यावर अक्काला रवणम्मा झाली. आमच्यात भाचीवर मामाचा हक्क पहिला. ती अकरा वर्षांची झाली तेव्हा मी चौतीस वर्षांचा विधुर होतो, आणि मेहुणे तांबूल घेऊन मागणी घालायला माझ्याकडेच आले. मी त्यांना दारातून हाकलले. गावोगाव बालविवाहाविरुद्ध व्याख्याने देणारा माणूस मांडीवर खेळवलेल्या पोरीला माळ कशी घालणार? यात मी चुकलो नाही, असे आजही म्हणतो. पण मामाने नाकारलेल्या मुलीला बाप कोणालाही देऊ शकतो, हे मला ठाऊक होते. महिनाभरात मेहुण्यांनी बाराशे रुपये घेऊन तिला कोत्तलंकेच्या पोणंगी सोमयाजुलूंना विकली. नवरदेव अठ्ठावन्न वर्षांचे. मी मांडवात जाऊन आरडाओरडा केला. त्यांच्या कुळांनी मला उचलून शेणखड्ड्यात फेकले. घरी येऊन अंग धुतले आणि त्याच दुपारी 'साठीचा जावई' या नाटकाचा पहिला अंक लिहायला बसलो. पोरीला सोडवायला परत गेलो नाही. अंक चांगला जमला होता.

ती सणाला माहेरी येई तेव्हा माझ्याकडे एक चक्कर असे. सोमयाजुलूंनी मद्रासहून दात करून आणले होते आणि ही गोष्ट त्यांनी जगापासून लपवली होती. दात तांबुलाच्या पेटीत ठेवायचे आणि बायकोने ते रोज घासायचे. रवणम्माने त्यांना नाव ठेवले होते दंतम्मा, एखाद्या ग्रामदेवीला ठेवावे तसे. दंतम्मा पेटीत निजली की घरात शांतता, तोंडात बसली की मारहाण. हे सांगताना ती पोट धरून हसे, आणि हसताना पदर सरकला की दंडावर तापल्या पळीचे डाग दिसत. एका उगादीच्या सणाला डाग ओले होते. मी वही काढली.

"मामय्या, हे नाटकात घाल ना," ती म्हणाली. "लोक लोळतील हसून. फक्त माझं नाव कुठं सांगू नकोस."

मी नाव कुठेही सांगितले नाही. शब्द तेवढा घातला.

शेवटच्या तालमीला शिवावधानी आले होते. दंतम्मा ऐकून त्यांनी मला थांबवले आणि हा शब्द कोणत्या कोशात आहे असे विचारले. कोशात नाही म्हणून तर जिवंत आहे, असे मी म्हणालो. त्याऐवजी कृत्रिम दंतपंक्ती म्हणा, अशी त्यांची सूचना होती. सगळी मंडळी त्यांना हसली, त्यात सर्वांत मोठ्याने मी. ते गंजके शब्द मी त्या दिवशी घेतले असते तर माझी भाची आज अडतीस वर्षांची असती.

पहिल्या प्रयोगाला माणूस माणसावर बसला होता. अप्पलस्वामीने पेटी उघडून दंतम्माला हात जोडले तेव्हा हशा इतका झाला की पुढची चार वाक्ये बुडाली. चौथ्या दिवशी कोत्तलंकेची पोरे, नाटकातला म्हातारा कोण ते ओळखून, सोमयाजुलूंच्या ओट्यासमोर जमून ओरडू लागली, दंतम्मा, बाहेर ये. हे नाव जगात एकाच तोंडातून निघालेले होते आणि दात बायकोवाचून कोणाला ठाऊक नसल्यामुळे ते तोंड कोणाचे, हे सोमयाजुलूंना तिथेच कळले. त्यांनी दार लावले. मुसळ घेतले. स्वयंपाकीण मागच्या पडवीत होती. तिने मला स्वतः सांगितले की पहिला घाव तोंडावर होता, आणि नंतरचेही तोंडावरच होते. रवणम्मा हात जोडत होती तर हातांवरही घातले. मग विहीर. प्रेत बाहेर काढले तेव्हा मी काठावर होतो. वरच्या ओळीत तिचा एकही दात नव्हता, आणि उजव्या हाताची बोटे उलटी वळली होती. पाय घसरून पायरीवर आपटली, असे गावाने लिहून दिले.

दुसरा प्रयोग दहाव्या दिवशी ठरलेला होता. मी तो रद्द केला नाही. पंतुलु घाबरले असे लोक म्हणाले असते. शब्दही गाळला नाही. लोक पुन्हा तसेच हसले, आणि मी पडद्याआड उभा राहून ते ऐकले. तो हशा चालू असतानाच सोमयाजुलूंची माणसे लाठ्या घेऊन आत घुसली. अप्पलस्वामीला त्यांनी लुगड्यासकट फरफटत नेऊन खांबावर आपटले. मला खाली पाडून माझा उजवा हात उखळाच्या कडेवर धरला आणि दगडाने ठेचला. तिसऱ्या घावानंतर मला काही कळेना. पहिल्या दोन घावांना मला जे वाटले ते असे की बरे झाले, आता फिटले. फिटले नव्हते.

तरी अक्काच्या फिर्यादीवरून खुनाचा खटला उभा राहिला. अक्काने साक्षीत लेकीचे डाग सांगितले आणि तिला बाहेर बसवले. नंतर मला बोलावले. सोमयाजुलूंच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, दंतम्मा हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला? खरे सांगितले असते तर खुनाचे कारण कोर्टासमोर आले असते. पण मग नाटक खऱ्या माणसावर ठरले असते, अब्रुनुकसानी झाली असती, कलेक्टरांनी बंदी घातली असती. माझे नाटक. मी हात गळ्यात बांधून उभा होतो आणि म्हणालो, "कोणी नाही. तो शब्द माझाच आहे."

कारणावाचून कोर्टाने स्वयंपाकिणीचे मानले नाही आणि सोमयाजुलू सुटले. पुढे सहा वर्षे जगून, मुलाबाळांच्या गराड्यात अंथरुणावर मेले. नाटकाचे एकशे चाळीस प्रयोग झाले. स्वयंपाकीण फुटली म्हणून खटला पडला असे अक्का समजते आणि एकोणीस वर्षे त्या बाईला शिव्याशाप देते. ती बाई फुटली नव्हती, अक्का. मी फुटलो.

चौथे, नाटक. ज्याला करायचे त्याने करावे, मानधन नको. शब्द ठेवावा. लोकांनी हसावे, ती विनोदीच होती. मात्र पडदा वर जाण्याआधी एकाने पुढे येऊन सांगावे की हा शब्द रवणम्मा, कोत्तलंका, वय एकोणीस, हिचा आहे आणि त्यासाठी तिला मुसळाने मारली. हे न सांगता जो प्रयोग करील त्याच्यावर दावा लावावा. माझ्या छायाचित्राला हार घालू नये.

येथवर सांगितले ते खरे. डाव्या हाताने सही करतो.

अवसराल नीलाद्री पंतुलु

साक्षीदार पहिला: अप्पलस्वामी, सही.

साक्षीदार दुसरा: पुढे पाहावे.

लेखनिक कर्रा पापय्या यांची टीप. पंतुलूंच्या सांगण्यावरून वरील मजकूर मी अच्चायम्मागारूंना वाचून दाखवला. पंतुलु भिंतीकडे तोंड करून पडले होते. वाचन संपल्यावर त्यांनी कागद हातात मागून घेतला. मग त्यांनी विचारले की हा कागद कोर्टात चालतो का. दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या तर चालतो, असे मी म्हणालो. एकच आहे, दुसरी मी करते, असे त्या म्हणाल्या. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीला राहायचे नसते, राहिल्यास वाटा जातो, हे मी त्यांना दोनदा समजावले.

"मग घर खोडा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला बाहेर बसवलं होतं. अंगठा कुठं लावायचा ते दाखवा."

त्यांच्या सांगण्यावरून तिसरे कलम खोडले आहे. घर कोणाला जावे ते त्यांनी सांगितले नाही, पंतुलूंनीही नाही.

साक्षीदार दुसरा: अच्चायम्मा, रवणम्माची आई, डाव्या अंगठ्याची निशाणी.

मुक्काम विजयनगरम, ता. ९ नोव्हेंबर १९३१.